गार्सिया द ओर्ता

गार्सिया द ओर्ता (जन्म : इ.स. १५०१ च्या सुमारास, कास्तेलो द व्हिदे, पोर्तुगाल. मृत्यू : इ.स. १५६८, गोवा) हे पोर्तुगीज वैद्य, वनस्पतींचे अभ्यासक आणि ग्रंथकार होते. आयुष्याची अखेरची सुमारे चौतीस वर्षे त्यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर घालवली. मुंबईचे बेट काही काळ त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि तेथे त्यांची बागायत होती. गोव्यातील राहत्या घरीही त्यांनी औषधी वनस्पतींची बाग जोपासली. भारतातील औषधी व फळझाडांविषयीचा त्यांचा संवादरूप ग्रंथ इ.स. १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. उष्ण प्रदेशातील वनस्पतींवर प्रत्यक्ष निरीक्षणाच्या आधारे लिहिलेल्या युरोपीय भाषांतील आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

प्रारंभिक जीवन

ओर्तांचे आईवडील मूळचे स्पेनमधील ज्यू होते. इ.स. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले, तेव्हा हे कुटुंब सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. तेथेही इ.स. १४९७ मध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा कुटुंबांना नवख्रिस्ती म्हणत आणि त्यांच्या श्रद्धेवर कायम संशय घेतला जाई. ओर्तांचे वडील व्यापारी होते.

ओर्तांनी स्पेनमधील सालामांका आणि अल्काला येथील विद्यापीठांत वैद्यकाचे शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी काही काळ वैद्यकी केली आणि पुढे लिस्बनच्या विद्यापीठात अध्यापन केले. युरोपातील वैद्यकशिक्षण त्या काळी गॅलेन, डायोस्कोरिडीझ आणि अरबी वैद्यांच्या ग्रंथांवर आधारलेले होते. त्या ग्रंथांत उल्लेखलेली मिरी, वेलदोडा, कापूर, निशोत्तर ही पूर्वेकडची द्रव्ये बहुतेक अध्यापकांनी वाळलेल्या रूपातच पाहिलेली असत.

भारतात आगमन

इ.स. १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा या सेनानीचे वैद्य म्हणून ओर्ता जहाजात चढले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्यास पोहोचले. पहिली काही वर्षे ते सोझांबरोबर किनाऱ्यावरील मोहिमांत हिंडले. याच काळात, डिसेंबर १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसई व आसपासची बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यांत मुंबईचाही समावेश होता.

इ.स. १५३८ च्या सुमारास सोझा पोर्तुगालला परतले, परंतु ओर्तांनी गोव्यातच राहणे पसंत केले. लवकरच त्यांची वैद्यकी नावारूपाला आली. पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांच्याबरोबरच अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) पहिला बुऱ्हाण निजामशाह हाही त्यांच्याकडून उपचार घेत असे. निजामशाही दरबारात त्यांचा अरबी व इराणी परंपरेतील हकिमांशी परिचय झाला आणि औषधांविषयी चर्चा घडल्या. त्या शहरात बागांची थोर परंपरा होती. तेथील हश्त बिहिश्त बागेत तळ्याच्या मध्यभागी अष्टकोनी महाल बांधलेला होता.

इ.स. १५४३ मध्ये ओर्तांनी ब्रियांदा द सोलिस या नात्यातील श्रीमंत तरुणीशी विवाह केला. त्यांना दोन मुली झाल्या. पुढे त्यांची आई आणि बहिणीही गोव्यात येऊन राहिल्या. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनने या बहिणींना पूर्वी अटक केली होती.

मुंबईचे बेट आणि तेथील बागायत

इ.स. १५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट ओर्तांना वंशपरंपरागत भाडेपट्ट्याने मिळाले. आजच्या महानगराची ती भूमी त्या वेळी सात बेटांत विभागलेली होती. भरतीच्या वेळी बेटांमधील सखल भाग पाण्याखाली जाई आणि ओहोटीला चिखल व खाजण उघडे पडे. वस्ती मुख्यतः कोळी, भंडारी, आगरी आणि शेतकऱ्यांची होती. उत्पन्न मासळी, भात, मीठ आणि नारळीच्या बागा यांचे होते.

ओर्ता व्यवसायानिमित्त गोव्यात राहत, त्यामुळे मुंबईची जमीन ते कुळांमार्फत सांभाळत. सिमाओ तोस्कानो या आपल्या मुंबईच्या कुळाचा उल्लेख त्यांनी ग्रंथात केला आहे. तोस्कानो गलबतातून आंब्यांची करंडी घेऊन गोव्यास येतो, असा तो प्रसंग आहे. मुंबईच्या आपल्या जमिनीत वर्षातून दोनदा फळणारे आंब्याचे झाड असल्याची नोंदही ओर्तांनी अभिमानाने केली आहे. दूरच्या बागेतील एका झाडाचा बहर लक्षात ठेवून तो ग्रंथात उतरवणारा हा मालक केवळ खंड वसूल करणारा नव्हता, एवढे त्यावरून दिसते.

वसई परिसरातील लोकांचे वर्णन करताना ओर्तांनी भातशेती करणारे कुणबी आणि बागा राखणारे माळी यांची वेगळी नोंद घेतली आहे. या किनाऱ्यावर बाग टिकवणे म्हणजे मुख्यतः पाणी टिकवणे होय. वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने झाडांना साठवलेल्या पाण्यावर जगवावे लागते. समुद्र जवळ असल्याने विहिरीचा उपसा वाढला की पाणी मचूळ होते. यावर वसईच्या बागायतदारांनी काढलेला उपाय म्हणजे बावखल. वाडीत खोदलेल्या या गोड्या पाण्याच्या तळ्यात पावसाचे पाणी साठते, जमिनीत मुरते, आसपासच्या विहिरींना पाझर पुरवते आणि खाऱ्या पाण्याला मागे सारते. बावखलातील व विहिरीतील पाणी रहाटाने उपसून पाटांनी नारळ, सुपारी, केळी आणि पानवेलींना दिले जाई. नवी लागवड वाढवायची तर आधी पाण्याची सोय वाढवावी लागे. ओर्तांनी ज्यांची नोंद घेतली, त्या माळ्यांचे कसब या व्यवस्थेवरच उभे होते.

मुंबई बंदरावरील जुना पोर्तुगीज वाडा ओर्तांच्या निवासस्थानाशी जोडला जातो. मुंबईच्या इतिहासाचे अभ्यासक डॉ. जोझे जेर्सन द कुन्हा यांनीही हा संबंध मांडला आहे.

गोव्यातील घर व बाग

गोवा शहरातील ओर्तांच्या घरी ग्रंथसंग्रह आणि औषधी वनस्पतींची बाग होती. रुग्ण तपासून आल्यावर पाहुण्यांशी वनस्पतींची चर्चा करावी, जुन्या ग्रंथातील वर्णन ताज्या पानाफुलांशी ताडून पाहावे, असा त्यांचा परिपाठ ग्रंथातून दिसतो. बी-बियाणे, कंद व फळे त्यांच्याकडे व्यापारी, खलाशी, हकीम आणि वैद्य यांच्याकडून येत. घरातील अंतोनिया ही दासी चर्चेच्या वेळी वनस्पती आणून दाखवते. मालुपा नावाचा स्थानिक हिंदू वैद्यही ग्रंथात येतो आणि त्याच्याकडून माहिती घेण्यात ओर्तांना कमीपणा वाटत नाही.

ग्रंथ

भारतातील साध्या औषधी व द्रव्यांविषयीच्या संवादांचा हा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यातील जोआनेस द एन्देम यांच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाला. गोव्यात मुद्रणयंत्र येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. छपाईत चुका पुष्कळ राहिल्या. ग्रंथ आधी लॅटिनमध्ये योजला होता, पण अधिक वाचकांना उपयोग व्हावा म्हणून ओर्तांनी तो पोर्तुगीजमध्ये लिहिला.

सुमारे साठ प्रकरणांच्या या ग्रंथात ओर्ता आणि रुआनो हे काल्पनिक विद्वान यांच्यातील संवाद आहेत. रुआनोचा विश्वास जुन्या ग्रंथांवर आहे आणि ओर्तांचा स्वतः पाहिलेल्या वस्तूवर. आंबा, फणस, नारळ, केळी, जांभूळ, कलिंगड, कडुनिंब, धोत्रा, भांग, अफू, हळद, आले, विडा अशा अनेक विषयांची त्यात चर्चा आहे. वनस्पतींची अरबी, फारसी, गुजराती, दख्खनी आणि मलबारी नावे दिलेली आहेत. रात्री फुलणाऱ्या पारिजातकावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्या फुलांच्या केशरी देठांचा अन्नाला रंग देण्यासाठी होणारा उपयोगही ओर्तांनी नोंदवला आहे. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) लक्षणांचे त्यांनी केलेले वर्णन वैद्यकाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. त्यासाठी त्यांनी दिलेला स्थानिक शब्द मराठी-कोंकणीतील मोडशी या शब्दाशी जुळतो.

त्या वेळी भारतात असलेले पोर्तुगीज महाकवी लुईस द कामोंइश यांचे एक काव्य या ग्रंथाच्या आरंभी छापले आहे. कामोंइश यांची छापून आलेली ही पहिली कविता मानली जाते. पोर्तुगीज भाषेत ओर्ता या शब्दाच्या उच्चाराचा अर्थ मळा किंवा भाजीची बाग असाही होतो. कवीने या द्वयर्थाचा उपयोग करून ग्रंथकाराचे नाव आणि त्याची बाग एकत्र गुंफली आहेत.

इन्क्विझिशन आणि मृत्यू

ओर्तांच्या विवाहाच्याच वर्षी, म्हणजे इ.स. १५४३ मध्ये, जेरोनिमो दियाश या नवख्रिस्ती वैद्याला गोव्यात देहान्त शिक्षा झाली होती. इ.स. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय स्थापन झाले. ओर्तांचा ग्रंथ छापण्यास इन्क्विझिटरची अनुमती मिळाली होती. व्हाइसरॉयपर्यंत ओळख असलेल्या या वैद्याला जिवंतपणी कोणी हात लावला नाही.

इ.स. १५६८ मध्ये ओर्तांचे निधन झाले. त्यानंतर त्यांच्या कुटुंबीयांवर कारवाई सुरू झाली. चौकशीत कुटुंबाने गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचे जबाब नोंदवले गेले आणि त्यांत ओर्तांचेही नाव आले. त्यांची बहीण कातारिना यांना २५ ऑक्टोबर १५६९ रोजी गोव्यात जाळण्यात आले. इ.स. १५८० मध्ये ओर्तांवर मरणोत्तर दोष ठेवून त्यांचे अवशेष थडग्यातून उकरून जाळण्यात आले. ही हकिकत विसाव्या शतकातील संशोधनातून तपशीलवार प्रकाशात आली.

बागायतीची पुढील अवस्था

इ.स. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाकडे गेली. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हम्फ्री कुक यांनी बंदरावरील वाड्यात बेटाचा ताबा घेतला. इंग्रजांनी या वाड्याभोवती तटबंदी उभारली. इ.स. १६७३ मध्ये आलेले इंग्रज वैद्य जॉन फ्रायर यांनी वाड्याभोवतीच्या बागेची ख्याती आणि तिची झालेली मोडतोड या दोन्हींची नोंद केली आहे. विसाव्यासाठी केलेल्या जागी तोफांचे मोर्चे आले होते. ही जागा आज भारतीय नौदलाच्या आयएनएस आंग्रे या तळाच्या आवारात आहे.

वारसा

फ्लेमिश वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलुस क्लुसियुस यांना इ.स. १५६४ मध्ये लिस्बनमध्ये ओर्तांच्या ग्रंथाची प्रत मिळाली. त्यांनी केलेला लॅटिन संक्षेप इ.स. १५६७ मध्ये अँटवर्प येथे प्रसिद्ध झाला आणि त्यातून कोकण व गोव्यातील वनस्पतींची माहिती युरोपभर पोहोचली. क्रिस्तोबाल आकोस्ता यांनी इ.स. १५७८ मधील आपल्या ग्रंथात ओर्तांचा मोठा आधार घेतला. क्लेमेंट्स मार्कम यांचे इंग्रजी भाषांतर इ.स. १९१३ मध्ये निघाले.

पणजीतील नगर उद्यानाला ओर्तांचे नाव देण्यात आले होते. पोर्तुगालने इ.स. १९७१ च्या वीस एस्कुदोंच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. मुंबईतील बागायतीचा मागमूस उरलेला नाही आणि गोव्यातील घरही नाहीसे झाले. वर्षातून दोनदा फळणारा मुंबईचा आंबा मात्र त्यांच्या ग्रंथात नोंदलेला आहे.