गौतमीपुत्र सातकर्णि

पैठणच्या सातवाहन कुळांत, सुमारें 1900 वर्षांपूर्वीं, गौतमीपुत्र सातकर्णि हा थोर राजा होऊन गेला. क्षहरात नहपानानें बळकाविलेला मुलूख त्यानें लढून परत मिळविला. त्याच्या पश्चात्, पुत्र पुळुमावि याच्या राज्याच्या 19 व्या वर्षीं, माता गौतमी बलश्री हिनें नाशिकच्या लेण्यांत त्याची कीर्ति कोरविली. त्याच्या देशांत तेथें अश्मकाचेंही नांव आहे. आमच्या नांदेडकडील प्रांत तोच, असें विद्वान् मानितात.

परंतु मातेनें केलेली पुत्राची स्तुति कितपत खरी मानावी? उत्तर रुप्याच्या नाण्यांनीं दिलें. सन 1906 मध्यें नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें नहपानाचीं तेरा हजारांवर नाणीं सांपडलीं. पैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला चैत्याचा व उज्जयिनी-चिन्हाचा ठसा मारविला होता. त्याखालून नहपानाचा चेहरा वा ग्रीक अक्षरें अद्याप डोकावतात. रेव्हरंड स्कॉट यांनीं तीं तपासलीं, तेव्हां नहपानाचे मुखवटेही परस्परांहून भिन्न आढळले; मूळचे ठसेच अनेक होते.

खालचा ठसा जिताचा, वरचा जेत्याचा! म्हणून घरांतील जुनें विद्रूप नाणें सोनाराच्या मुशींत जाण्यापूर्वीं एकवार निरखून पाहावें, एवढीच आमची विनंती.