मगनवाडीतील ख्रिस्तानुयायी : डॉ. जे. सी. कुमारप्पा

वर्धा म्हटले की सेवाग्राम आणि पवनारचे स्मरण होते. मात्र त्याच वर्ध्यातील मगनवाडीत एका श्रद्धावंत ख्रिस्ती माणसाने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, हे आपल्या ख्रिस्ती समाजातही फारसे कुणाला ठाऊक नसते, याची आम्हांला खंत वाटते.

जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे झाला. कुटुंब प्रोटेस्टंट, घरातील वातावरण धार्मिक आणि शिस्तीचे. लंडनला जाऊन ते हिशेबतपासनीस झाले, मुंबईत त्यांचा व्यवसाय उत्तम चालला. पुढे अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास करताना भारताच्या दारिद्र्याची कारणे त्यांना ब्रिटिशांच्या करपद्धतीत आढळली. तो प्रबंध घेऊन १९२९ साली ते साबरमतीला गांधीजींना भेटले. विलायती पेहराव गेला, खादी आली. कॉर्नेलियस हे आडनाव सोडून त्यांनी कुमारप्पा हे कुळाचे नाव पुन्हा धारण केले. प्रभू येशूला मात्र त्यांनी सोडले नाही.

येथेच खरा पेच होता. त्या काळी बहुतेक मिशनरी आणि धर्माधिकारी सरकारच्या बाजूचे होते. ख्रिस्ती माणसाने सत्याग्रहात उतरणे म्हणजे जणू धर्मद्रोहच! १९३० साली मिठाच्या सत्याग्रहींवर लाठ्या पडत असताना कुमारप्पांनी स्वधर्मीयांना जाहीर जाब विचारला. कोलकात्याचे अँग्लिकन महागुरुस्वामी फॉस वेस्टकॉट यांच्याशी त्यांचा या विषयावर पत्रव्यवहार झाला, पण मतभेद मिटला नाही. डोंगरावरील प्रवचन जर खरे असेल, तर शस्त्राविना मार खाणाऱ्यांच्या बाजूला ख्रिस्तसभेने उभे राहावयास नको काय, असा त्यांचा रोख होता. 'यंग इंडिया'तील लेखनासाठी त्यांना तुरुंगवासही घडला.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. संघाचा भार कुमारप्पांवर आला. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशीपालन, ताडगूळ, खाद्येतर तेलावर जळणारा मगनदीप असे प्रयोग तेथे झाले. हिशेबात एक पैही इकडची तिकडे होऊ न देणारा हा माणूस घाणीच्या बैलाच्या चाऱ्याचाही विचार करीत असे. कुणी यास धर्मकार्य म्हणणार नाही, आम्ही म्हणतो.

'छोडो भारत' आंदोलनाच्या काळात जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक शाश्वत अर्थव्यवस्थेवर, दुसरे येशूच्या आचारविचारांवर. १९४५ साली ती प्रसिद्ध झाली आणि दोहोंना गांधीजींची प्रस्तावना लाभली. ग्रामोद्योगांचे डॉक्टर आणि ईशज्ञानाचेही डॉक्टर, अशा दोन पदव्या गांधीजींनी त्यांना कौतुकाने बहाल केल्या. एकाच कोठडीत, एकाच लेखणीने लिहिलेली ही पुस्तके आहेत; त्यांतील कोणते धर्माचे आणि कोणते संसाराचे, हे ठरविणे कठीण जाते.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतीसुधार समितीचे ते अध्यक्ष झाले. समितीने १९४९ साली जमीन कसणाऱ्याच्या हक्काची बाजू घेतली. सत्तेतील जुन्या सहकाऱ्यांना ते पुढे अडचणीचेच वाटू लागले असावेत. त्यांनी वर्ध्याजवळील सेलडोह येथे पन्नई आश्रम काढला आणि शेतीचे प्रयोग आरंभिले. प्रकृती ढासळल्यावर ते तामिळनाडूतील कल्लुपट्टीच्या आश्रमात गेले. आजन्म अविवाहित राहिलेल्या कुमारप्पांचे निधन ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, मद्रास येथे झाले. मगनवाडीत १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही पाहावयास मिळते.