न्यूयॉर्कहून चाळीसगावला

खानदेशातल्या वाचकाला चाळीसगाव जंक्शन नव्याने सांगायला नको. मुंबई-भुसावळ मार्गावरचे हे स्थानक, आणि धुळ्याला जाणारा फाटा इथूनच फुटतो. ऑक्टोबर १९२९ मध्ये धुळ्याकडून आलेल्या गाडीतून अडतीस वर्षांचे एक गृहस्थ इथे उतरले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे ते पीएच. डी., लंडनचे डी. एस्सी. आणि बॅरिस्टर. मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद. त्यांच्या गळ्यात हार पडले. वस्ती स्थानकापासून दोनेक मैलांवर, पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. बाहेर भाड्याचे टांगेही पुष्कळ उभे होते. तरीही या पाहुण्यांना तासभर तिथेच ताटकळावे लागले. का, ते त्यांना कोणी सांगेना.

हे गृहस्थ म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर. त्या तासाभरात काय चालले होते ते पुढे येईलच. पण त्याचा अर्थ नीट कळायचा तर आधी सोळा वर्षे मागे आणि सातासमुद्रांपलीकडे जायला हवे. परदेशी शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याला तिथे पहिल्यांदा काय मिळाले, हे समजल्याशिवाय चाळीसगावात त्याच्याकडून काय हिरावले गेले ते उमगत नाही.

१९१३ साल उजाडले तेव्हा भीमराव मुंबई विद्यापीठाचे बी. ए. झाले होते. फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार गेले. घरात पत्नी रमाबाई आणि तान्हा यशवंत. अशा वेळी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थी अमेरिकेला पाठवायचे ठरवले आणि त्यांत भीमरावांची निवड झाली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. जूनमध्ये करारावर सही झाली, आणि जुलैमध्ये बावीस वर्षांचा हा तरुण न्यूयॉर्कला पोहोचला.

सुरुवात अवघडच गेली. विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात तो उतरला, पण तिथले जेवण काही केल्या घशाखाली उतरेना. आठवड्याभरातच मुक्काम हलला. हिंदी विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात काही दिवस काढून शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये जागा मिळाली. सोबती म्हणून लाभले नवल भथेना हे पारशी विद्यार्थी. ही मैत्री जन्मभर टिकली. पहिले काही महिने हिंडण्याफिरण्यात गेले, असे चरित्रकार लिहितात. वाचून बरे वाटते. ज्याला बालपणी गावच्या पोरांबरोबर मोकळेपणी खेळता आले नाही, त्याने बाविसाव्या वर्षी जरा हुंदडून घेतले तर त्याला कोण नावे ठेवील? पुढे आपण इथे कशासाठी आलो याचे भान आले, आणि मग या विद्यार्थ्याने ग्रंथालयाची पाठ सोडली नाही.

त्याच्या अभ्यासाची यादी पाहिली म्हणजे छाती दडपते. तीन वर्षांत अर्थशास्त्राचे एकोणतीस, इतिहासाचे अकरा, समाजशास्त्राचे सहा, तत्त्वज्ञानाचे पाच, मानववंशशास्त्राचे चार आणि राज्यशास्त्राचे तीन अभ्यासक्रम. शिकवायला एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल यांच्यासारखी माणसे. त्या तुटपुंज्या वेतनातून घरी पैसे पाठवायचे, उरलेल्यात पोट भागवायचे, आणि त्यातूनही वाचवून जुन्या बाजारात पुस्तके घ्यायची. १९१५ मध्ये एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनातच जातिसंस्थेचे मर्म आहे, आणि वरच्यांचे अनुकरण करीत खालचेही आपापली दारे लावून घेत गेले, असे त्यांनी त्यात मांडले. वय पंचवीस. हा निबंध पुढच्याच वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला.

पण पदव्या आणि निबंध बाजूला ठेवू. न्यूयॉर्कने या विद्यार्थ्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेली नाही. तिथे त्याच्यासमोर ठेवलेला पेला पाण्याचा होता, विटाळाचा नव्हता. एका टेबलाशी बसून जेवताना कोणी जात विचारली नाही. खोलीतला सोबती अंग चोरून बसला नाही. अशी पाच वर्षे युरोप-अमेरिकेत गेल्यावर आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसली गेली, असे बाबासाहेबांनी पुढे स्वतः नोंदवून ठेवले आहे. हातात घड्याळ असावे इतकी सवयीची झालेली गोष्ट एके दिवशी आठवेनाशी व्हावी, तसे हे झाले.

म्हणून अमेरिका काही समतेचे नंदनवन होती असे नव्हे. कोलंबिया विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर हार्लेम आहे, आणि त्या देशातल्या काळ्या माणसांच्या वाट्याला काय येत होते हे या विद्यार्थ्याला दिसत नसेल असे मानायचे कारण नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी तिथल्या निग्रो समाजाचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले, तेही दोन्हीकडच्या दुःखाचे नाते ओळखूनच. परंतु अमेरिकेत एक गोष्ट त्यांनी प्रत्यक्ष अनुभवली: आपल्याला जन्मापासून भोगावे लागलेले हे काही सूर्य-चंद्रासारखे सृष्टीचे विधान नाही. एक समुद्र ओलांडला की ते गळून पडते. मग ते माणसानेच केलेले असले पाहिजे, आणि माणसाने केलेले माणसाला मोडता येते.

ही जाणीव घेऊन ते १९१६ मध्ये लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून पुढच्या वर्षी शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. महायुद्धाचे दिवस होते. पुस्तके आणि सामान दुसऱ्या बोटीने पाठवले होते, ती बोट पाणतीराने बुडवली. ऑगस्ट १९१७ मध्ये भीमराव मुंबईला उतरले आणि करारानुसार बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला निघाले. खरा प्रश्न तिथे उभा राहिला: राहायचे कुठे? हिंदूंच्या खानावळीत नाव सांगताच दार बंद होणार. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. दिवसा कचेरी, रात्री त्या ओसाड माडीवर एका मिणमिणत्या दिव्यापाशी वाचन. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले पारशी लोक जिना चढून आले, आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. ओळखीच्यांची दारे ठोठावून झाली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, दोघांनीही आडून नकार दिला. सेलिग्मनांच्या हाताखाली तयार झालेल्या या विद्वानाने मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ शहरातल्या बागेत बसून काढला. न्यूयॉर्कमध्ये एक पारशी मित्र एका छताखाली सुखाने नांदला, आणि बडोद्यात पारश्यांनीच बाहेर काढले. दोष धर्माचा की हवेचा, असा प्रश्न त्या बागेत बसलेल्या तरुणाला पडला असेल तर नवल नाही.

परदेशवारीची ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही. जो कधीच बाहेर गेला नाही, त्याला अपमान सोसायची निदान सवय तरी असते. ज्याची ती सवय मोडली, त्याला प्रत्येक अपमान नव्याने लागतो. भीमराव खचले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. वसतिगृहातली ओळख अशी कामी आली. १९२३ मध्ये परतले ते बॅरिस्टर आणि डी. एस्सी. होण्याची वाट पक्की करूनच. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला मुंबई सरकारने समिती नेमली, तिचे ते सभासद झाले. या समितीबरोबर फिरतानाच खानदेशचा दौरा आला. धुळ्याच्या बाजूच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता, त्याची चौकशी करून ते परत निघाले. चाळीसगावच्या मंडळींनी एक रात्र तरी आमच्याकडे राहा असा आग्रह धरला होता. त्याला मान देऊन ते तिथे उतरले.

आता पुन्हा त्या स्थानकावर येऊ. तासाभराने एक टांगा आला. बाबासाहेब आत बसले. आत दोघेच, ते आणि टांगा हाकणारा. बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे गेली. दोनशे पावले जातात न जातात तोच समोरून आलेल्या मोटारीवर टांगा आदळायचा राहिला. पोलिसाने ओरडून मोटार मागे घ्यायला लावली म्हणून निभावले. पुढे नदीवरची फरशी. तिला कठडा नाही, काही अंतरावर नुसते दगड रोवलेले. रस्त्यावरून फरशीवर यायला काटकोनात वळावे लागते. तिथे घोडा उधळला. चाक पहिल्याच दगडावर असे आपटले की बाबासाहेब उचलले जाऊन फरशीवर पडले, आणि घोडा व टांगा खाली नदीत गेले. शुद्ध हरपलेल्या पाहुण्यांना पलीकडच्या वस्तीत, तेव्हाच्या भाषेत महारवाड्यात, बायकापोरांच्या आक्रोशात उचलून नेण्यात आले. पाय मोडला होता.

मागाहून उलगडा झाला. स्थानकावरचा एकही टांगेवाला अस्पृश्य उतारूला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. ते त्याच्या प्रतिष्ठेला शोभत नव्हते. आपल्या साहेबांनी चालत यावे हे वस्तीतल्या लोकांच्या मनाला पटेना. तासभर घासाघीस होऊन तोडगा निघाला: मालकाने टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र यांनी. टांगा हाकणे हा त्यांच्यापैकी कोणाचाच धंदा नव्हता. एकाने धीर करून लगाम हाती घेतले, पण आपण कोणाला घेऊन चाललो आहोत याची जाणीव होताच त्याचा धीर सुटला.

या घटनेतली सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे तो तोडगा. बाबासाहेबांनी तो आधी पाहिलेला होता. १९०१ मध्ये, नऊ-दहा वर्षांचे असताना, भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला निघालेला भीमा मसूर स्थानकावर उतरला. तिथेही एकही गाडीवान या पोरांना बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की, गाडी पोरांनीच हाकायची, मालक बाजूने पायी चालेल. अठ्ठावीस वर्षे लोटली. मध्ये न्यूयॉर्क झाले, लंडन झाले, दोन खंडांतल्या विद्यापीठांच्या पदव्या झाल्या. बैलगाडीच्या जागी टांगा आला. अट तीच राहिली.

चर्चासत्रातल्या त्या निबंधात पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जे सूत्ररूपाने मांडले होते, त्याचा दाखला चाळीसगावने दिला. टांगेवाला काही सावकार नव्हता की जमीनदार नव्हता. घोड्याच्या चाऱ्याची भ्रांत पडणारा गरीब माणूस. पण आपल्या खाली आणखी एक पायरी आहे, एवढ्या आधारावर तो बॅरिस्टरापेक्षाही उंच उभा राहू शकत होता. समाजातल्या अनेकांना ही उतरंड टिकावी असे का वाटते, याचे उत्तर इथे मिळते. आणि बाबासाहेबांच्या त्या लेखनात आणखी एक गोष्ट दिसते. वस्तीतल्या लोकांनी मान राखण्यापायी जीव धोक्यात घातला, हे ते स्पष्ट लिहितात. पण त्यात राग नाही. ज्यांच्या हाती मानाखेरीज देण्यासारखे काहीच नव्हते, त्यांनी तोच जपला.

१९३७ च्या जुलैअखेरीस बाबासाहेब न्यायालयाच्या कामासाठी पुन्हा धुळ्याला आले. वाटेत चाळीसगाव स्थानकावर लोकांनी त्यांचे मोठे स्वागत केले. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. तोवर त्यांनी स्वतंत्र भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषवले होते, आणि त्या संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती.

मसूरची गाडी, बडोद्याची धर्मशाळा आणि चाळीसगावचा टांगा यांच्या हकिगती बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहून ठेवल्या. हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ते १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने काढले. कोलंबिया विद्यापीठातले विद्यार्थी आज ते अभ्यासतात. ज्या विद्यापीठात एका हिंदी विद्यार्थ्याला आपल्या अस्पृश्यतेचा विसर पडला, तिथली मुले चाळीसगावच्या फरशीचे वर्णन वाचतात.

हे लेखन त्यांनी मुख्यतः परदेशी वाचकांसाठी केले होते. एका गावात राहणारी माणसे एकमेकांना शिवत नाहीत म्हणजे काय, हे परक्यांना नुसत्या शब्दाने कळत नाही, प्रसंग सांगावे लागतात, असे त्यांना वाटत होते. आपल्याला तो शब्द कळतो, म्हणून प्रसंग वाचायची गरज नाही असे आपण धरून चालतो. चाळीसगाव स्थानकात गाडी थांबते, आपण खिडकीतून चहा घेतो, गाडी पुढे निघते. बाहेरच्या नदीवर एका टांग्याचे चाक कुठे आदळले होते, हे त्या खिडकीशी बसलेल्या आपल्यालाही माहीत असायला हवे.