वंशावळी जुळवणारे रियासतकार : गोविंद सखाराम सरदेसाई

कोसाड-अमरोली भागात राहणारी आपली बहुतेक मराठी कुटुंबे खानदेशातून, नाशिककडून किंवा कोकणातून आलेली. आजोबांचे नाव सगळ्यांना सांगता येते, पणजोबांपाशी बरेच जण अडतात. खापरपणजोबांचे नाव माहीत असलेले घर विरळाच. अशा वेळी गुजरातेत नोकरी करून मराठ्यांच्या घराण्यांचा माग काढणाऱ्या एका माणसाची आठवण होते. ते म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई.

त्यांचा जन्म 17 मे 1865 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या खेड्यात झाला. घरची परिस्थिती साधारण. रत्नागिरी, पुणे आणि मुंबई येथे शिकून ते बी. ए. झाले आणि 1889 मध्ये बडोद्याला महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे आणि पुढे राजपुत्रांना शिकवणे हे त्यांचे काम. शिकवण्यासाठी जमवलेल्या टिपणांतूनच रियासतींचे ग्रंथ उभे राहिले. 'मराठी रियासत'चा पहिला भाग 1902 मध्ये निघाला.

खुद्द सयाजीरावांची गादीही नात्याच्या धाग्यावरच उभी होती. मल्हारराव पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी 1875 मध्ये वारस दत्तक घेतला, तो मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावचा, गायकवाडांच्या दूरच्या शाखेतला शेतकऱ्याचा मुलगा गोपाळराव. शाखा मूळ घराण्याला कुठे मिळते हे ठाऊक नसते, तर ते पोर गुरांमागेच राहिले असते. वंशावळ म्हणजे नुसती हौस नव्हे, हे यावरून कळावे.

1925 मध्ये सरदेसाई निवृत्त झाले आणि पुण्याजवळ कामशेतला राहू लागले. याच काळात त्यांचा उच्चशिक्षित मुलगा श्यामकांत ऐन तारुण्यात गेला. दोन्ही मुलगे त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. घराचा वंश असा खुंटला, तरी वयाच्या पासष्टीच्या सुमारास त्यांनी आयुष्यातले सर्वांत मोठे काम हाती घेतले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून पडले होते. सर जदुनाथ सरकार यांच्या आग्रहामुळे ते सरदेसाईंकडे आले. सहकाऱ्यांसह ते चाळून त्यांनी 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले.

अशा कागदांतून घराण्याचा क्रम लावणे सोपे नसते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत, त्यामुळे एकाच घरात दोन-तीन दमाजी, दोन-तीन बाजीराव. कागद कोणत्या दमाजीचा हे तारखेवरूनच ठरते आणि तारीख कधी शकातली, तर कधी सुहूर सनातली. इनामाची सनद, वतनाचा तंटा, दत्तकाचा अर्ज यांत बापाचे नाव येते, भाऊबंद येतात. एका कागदावर विसंबायचे नाही, दुसऱ्याने दुजोरा दिला पाहिजे. बँकेत खाती जुळवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही शिस्त फार जवळची वाटते.

त्यांचे 'ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी' हे पुस्तक 1957 मध्ये निघाले. तेव्हा ते 92 वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. 29 नोव्हेंबर 1959 रोजी ते निवर्तले. स्वतःच्या मागे मुलगा नसलेल्या या गृहस्थाने दुसऱ्यांच्या पिढ्या जपून ठेवल्या.

आपली घराणी सरदारांची नसली, तरी कागद आपल्यालाही आहेत. गावच्या तहसील कचेरीत जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना 14, सापडतात. जमिनीच्या फेरफारात वारसांची नावे लागलेली असतात. त्र्यंबकेश्वरच्या आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांच्या यात्रा नोंदलेल्या असतात, काहींच्या गावी भाटांच्या पोथ्या आहेत. जुन्या नोंदी मोडीत निघाल्या तर जाणकाराकडून वाचून घ्याव्यात.

सुरतेत जन्मलेल्या आपल्या नातवंडांना गाव फक्त सुट्टीपुरते माहीत आहे. गावातली जाणती माणसे एकेक करून जात आहेत. या मे महिन्यात गावी जाल तेव्हा वही-पेन बरोबर न्या. सर्वांत वडील आत्याबाईंपासून सुरुवात करा, आणि लेकी-सुनांची नावेही लिहा. जुन्या वंशावळींत ती बहुधा सुटलेली आहेत, आपल्या वहीत सुटू नयेत.