बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई आणि त्यांची शिकागोची शाळा

बाबासाहेबांचे कोलंबियातील गुरू म्हणून जॉन ड्यूई यांचे नाव आपण भाषणांत नेहमी घेतो. त्यांनी शिकवण्याचा विचार कसा केला, याकडे मात्र आपल्या चळवळीत फारसे कोणी वळत नाही.

२० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टन गावी एका किराणा दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. पदवीनंतर काही काळ हायस्कूलवर मास्तरकी, १८८४ मध्ये पीएच.डी., मग मिशिगन विद्यापीठ, आणि १८९४ मध्ये शिकागो.

१८९६ साली त्यांनी मानसशास्त्रावर एक गाजलेला निबंध लिहिला. बाहेरून उद्दीपन आले की माणूस यंत्रासारखा प्रतिसाद देतो, ही कल्पना त्यांना अपुरी वाटली. मूल मेणबत्तीकडे बघते, हात पुढे करते, भाजून घेते. ही एकच सलग कृती आहे आणि त्यानंतर तीच मेणबत्ती त्याला वेगळी दिसू लागते. शिकणे म्हणजे हा बदल, असे आम्ही त्यातून समजतो.

त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून शाळा उघडली. मुलांना काम करता येईल अशी बाके त्यांनी दुकानांतून शोधली. अखेर एका दुकानदाराने ओळखले की यांना हवी ती बाके कामाची, आणि बाजारातली सगळी नुसते ऐकत बसण्यासाठी केलेली.

या शाळेत मुले कापसाच्या बोंडातून सरकी हाताने काढत. अर्धा तास खपूनही एक औंस कापूस निघेना. पूर्वीचे लोक लोकरीचे कपडे का वापरत, हे त्यांना तिथेच उमगले. इतिहास, यंत्र आणि श्रमाची किंमत एका धड्यात! ज्यांच्या आयाबाया आजही कापूस वेचतात, त्या आपल्या मुलांना हा धडा पुस्तकातून पाठ करावा लागतो. आपल्या विहारांतल्या अभ्यासवर्गांतही बावीस प्रतिज्ञा म्हणून घेतल्या जातात. त्यांतल्या एकीवर मुलांना प्रश्न विचारू देणारे वर्ग आम्हाला फार थोडे दिसले.

अर्थात ती शाळा मोठ्या विद्यापीठाच्या आधाराची होती. तिथली मुलेही बहुतेक सुस्थितीतील घरांची. एका शिक्षकावर चार इयत्ता असलेल्या शाळेत हे कसे जमवायचे, याचे उत्तर ड्यूईंकडे तयार मिळत नाही. ते आपल्यालाच शोधावे लागेल.

पत्नी ॲलिस त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या पदावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी बिनसले आणि १९०४ मध्ये ड्यूईंनी राजीनामा दिला. पुढे ते कोलंबियात आले. १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकणाऱ्या तरुण भीमरावांनी त्यांची व्याख्याने ऐकली. गंमत म्हणजे ड्यूई वर्गात रटाळ बोलत, थांबत थांबत, खिडकीबाहेर बघत. तरी बाबासाहेबांच्या मनात ते इतके ठसले की तीस वर्षांनंतरही ते गुरूंच्या लकबींची हुबेहूब नक्कल करत, अशी माईसाहेबांची आठवण आहे. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये त्यांनी या गुरूंचे ऋण मान्य केले आहे.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाची मानद पदवी स्वीकारायला बाबासाहेब न्यूयॉर्कला निघाले, तेव्हा ड्यूईंना भेटण्याची त्यांना ओढ होती. १ जूनला, वयाच्या ९२ व्या वर्षी, ड्यूई न्यूयॉर्कमध्ये वारले. पदवीदान ५ जूनला झाले.