मराठीत ख्रिस्तकथा सांगणारे फादर स्टीफन्स



आपले दिंडोशी ज्या साष्टी बेटावर वसले आहे, त्याच्याच नावाचा सासष्टी तालुका गोव्यात आहे. तेथील गावांत सुमारे ४० वर्षे सेवा केलेल्या एका धर्मगुरूंची आज आपण ओळख करून घेऊ या.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. तेथे कॅथलिकांचा छळ चालू होता. रोममध्ये १५७५ साली ते येशूसंघात दाखल झाले व २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोचले. पुढे त्यांची बहुतेक सेवा सासष्टीत झाली.

त्या काळी पोर्तुगीज सत्तेने सासष्टीतील देवळे पाडली होती. लोकांच्या मनात त्याचा राग होता. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावी चर्चसाठी जागा पाहावयास गेलेले फादर रुडॉल्फ अक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्यांचे मृतदेह मिळविण्याच्या कामी फादर स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला. सत्तेच्या बळावर चर्चच्या भिंती उभ्या राहतात, माणसांची मने मात्र जिंकता येत नाहीत, हे आपण या घटनेवरून ओळखले पाहिजे.

फादर स्टीफन्स यांनी लोकांची भाषा आत्मसात केली. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती, आणि मिस्सा तर लॅटिनमध्ये. त्यांच्यासाठी फादरांनी मराठीत, सोपे कोंकणी शब्द मिसळून, सुमारे ११,००० ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. रविवारी व सणावारी ते गावच्या चर्चमध्ये वाचले जाई. १६१९ साली फादर देवाघरी गेले.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषांवर बंदी घातली. पुराणाच्या पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. तरीही हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे पुराण टिकले. ते आपल्यासारख्या साध्या भाविकांनी जपले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपण मिस्साही मराठीत अर्पण करू लागलो. आज आपली पुष्कळ मुले इंग्रजी शाळेत शिकतात. ही ठेव त्यांच्या हाती देणे आपलेच काम आहे. घरी रोज रात्री शुभवर्तमानातील एक उतारा मुलांकडून मराठीत वाचून घेऊ या.