कलामहर्षी बाबूराव पेंटर

भिंतीवर डकविलेले सिनेमाचे चित्र उन्हाने विटते, पावसाने भिजते आणि अखेर त्यावर दुसरे चित्र चढते. अशा अल्पायुषी कामातही ज्यांनी आपली सारी कला ओतली, ते बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात कारागिरांच्या घराण्यात झाला. नात्याने बंधू असलेल्या आनंदरावांसह नाटकांचे पडदे रंगविता रंगविता उभयतांना चलच्चित्राचा ध्यास लागला. परंतु १९१६ साली आनंदराव निवर्तले. ते अपुरे स्वप्न बाबूरावांनी शिरावर घेतले, कॅमेरा स्वतः सिद्ध केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली. १९२० च्या ‘सैरंध्री’तील कीचकवध इतका हुबेहूब वठला की प्रेक्षक भेदरले, तो भाग पुढे वगळावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

चित्रपट मूक, प्रेक्षक बहुधा निरक्षर. तेव्हा जाहिरातीतही अक्षरांऐवजी चित्रानेच बोलणे प्राप्त होते. बाबूराव आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवीत. दामले, फत्तेलाल व शांताराम त्यांच्याच हाताखाली घडले.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव कालवश झाले. त्यांचे बहुतेक मूकपट काळाने गिळले. परंतु १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक उरले. जे चार दिवसांसाठी रंगविले, ते शतक ओलांडून गेले! स्नेहसंमेलनाचा फलक रंगविणाऱ्या हातांनी हे ध्यानी ठेवावे.